कोयना-वारणाच्या नकाशावरचे खोटे पट्टे: डीबीस्कॅनचं एक प्रकरण

भूकंपांची एक यादी आहे, दोन हजार ओळींची. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खोली आणि परिमाण. प्रदेश कोयना-वारणा: उत्तर-दक्षिण साधारण ३० किमी, पूर्व-पश्चिम २० किमी. भूकंप नेमके कुठे दाटले आहेत, एवढंच शोधायचं आहे. त्यासाठी डीबीस्कॅन चालवलं, म्हणजे दाट बिंदूंचे गट (क्लस्टर) शोधणारी संगणकी पद्धत. एप्सिलॉन (शेजार मोजायच्या वर्तुळाची त्रिज्या) १.१ किमी, मिनपॉइंट्स (त्या वर्तुळात लागणारे किमान बिंदू) ५. नकाशावर पस्तीसेक क्लस्टर आले. सगळे आडवे, पूर्व-पश्चिम, वहीच्या रेघांसारखे एकाखाली एक.

दोन हजार हा आकडा हिशोबासाठी धरला आहे. तुमच्या यादीत जो असेल तो घाला, रीत बदलत नाही. या पट्ट्यांचा जमिनीखालच्या भ्रंशांशी, म्हणजे खडकांतल्या सरकणाऱ्या भेगांशी, काहीही संबंध नाही, आणि ते कागदावरच्या गणितानं दाखवता येतं.

आधी प्रदेशाबद्दल, कारण इथल्या भूगर्भाची माहिती नसेल तर हे पट्टे खरे वाटू शकतात. कोयना धरण १०३ मीटर उंच. शिवाजीसागर जलाशयात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं हे जगातलं सर्वांत ठळक उदाहरण मानलं जातं. १९८५ पासून दक्षिणेला वारणा जलाशय भरू लागला आणि भूकंपांचा जोर तिकडेही सरकला. आजवर ५ किंवा त्याहून मोठे वीसेक धक्के आणि हजारो छोटे धक्के या चिंचोळ्या भागातच बसले आहेत. १९६७ च्या भूकंपाचा भ्रंश उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य दिशेचा, बाजूला सरकणारा. वारणेकडे सामान्य भ्रंशांची, म्हणजे एक बाजू खाली घसरणारी, हालचाल दिसते. नकाशावर पंचवीस-तीस समांतर पूर्व-पश्चिम पट्टे दिसावेत, असं या भूगर्भात काहीच नाही. म्हणून संशय आधी यादीवर आणि मापावर घ्यायचा.

डीबीस्कॅन १९९६ साली मार्टिन एस्टर, हान्स-पीटर क्रीगेल, योर्ग झांडर आणि शाओवेई शू यांनी मांडलं. कल्पना सोपी आहे. एखाद्या बिंदूभोवती एप्सिलॉन त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. आत निदान मिनपॉइंट्स इतके बिंदू असतील, स्वतःला धरून, तर तो गाभ्याचा बिंदू. एकमेकांच्या वर्तुळात येणारे गाभ्याचे बिंदू एकाच क्लस्टरमध्ये जातात. स्वतः गाभ्याचा नाही, पण एखाद्या गाभ्याच्या वर्तुळात आहे, तो काठाचा बिंदू. उरलेले नॉइज, बहुतेक अवजारं त्यांना -१ हे लेबल देतात. क्लस्टर किती हवेत ते आधी सांगावं लागत नाही आणि आकार कसाही चालतो. के-मीन्स या दुसऱ्या पद्धतीला सहा गट मागितले तर लांबट पट्ट्याचेही तो मुकाट्यानं सहा तुकडे करून देतो, म्हणून भूकंपांच्या कामात तो जवळजवळ निरुपयोगी आहे.

दोन मापं किती नाजूक असतात ते सात बिंदूंवर पाहा. एका रेषेवर ०, ०.४, ०.८, १.६, २.४, २.८ आणि ३.२ किमीवर बिंदू आहेत. एप्सिलॉन ०.८५ किमी. ०.८ वरच्या बिंदूच्या वर्तुळात चार बिंदू येतात: ०, ०.४, ०.८, १.६. तसेच २.४ च्या वर्तुळातही चार: १.६, २.४, २.८, ३.२. बाकी सगळ्यांकडे तीन-तीन. मिनपॉइंट्स ३ ठेवलं तर सातही गाभ्याचे आणि एकच क्लस्टर. ४ ठेवलं तर दोन क्लस्टर. ५ ठेवलं तर सातही नॉइज. एकेक पायरी चढली की चित्र पूर्ण पालटतं.

मिनपॉइंट्स ४ असताना १.६ वरचा बिंदू दोन्ही गाभ्यांच्या काठावर येतो. तो ज्या क्लस्टरनं आधी गाठला त्याचा होतो. म्हणजे यादी तारखेनुसार लावली आहे की परिमाणानुसार, यावर त्याचं लेबल ठरतं. गाभ्याच्या बिंदूंची वाटणी मात्र क्रमानं बदलत नाही. काठाच्या बिंदूंवर एखादा निष्कर्ष उभा राहत असेल, तर यादी उलटसुलट करून पाच-सहा वेळा चालवून पाहावी.

याच उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. एप्सिलॉन ०.८५ ऐवजी नेमका ०.८ धरला असता, तर ३.२ वजा २.४ हे संगणकाच्या द्विमान अपूर्णांक गणितात ०.८ पेक्षा किंचित जास्त येतं आणि तो बिंदू वर्तुळाबाहेर पडतो. एप्सिलॉन कधीही अंतरांच्या नेमक्या किमतीवर ठेवू नये.

हे वाक्य आता आडव्या पट्ट्यांना लावा.

यादीत अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंत आहेत: १७.३४, ७३.७५ असे. दिसायला पुरेसे. पण ०.०१ अंश म्हणजे किती? पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरली तर अक्षांशाचा ०.०१ अंश १.११२ किमी होतो. १७.३ अंश अक्षांशावर रेखांशाचा ०.०१ अंश १.०६२ किमी. म्हणजे यादीतले बिंदू जमिनीवर मोकळे पसरलेले नाहीतच. ते एका जाळीच्या गाठींवर बसले आहेत. पूर्व-पश्चिम शेजारची गाठ १.०६२ किमीवर, उत्तर-दक्षिण शेजारची १.११२ किमीवर, कर्णावरची १.५४ किमीवर. ६०० चौ. किमीत अशा सुमारे ५०८ गाठी मावतात. प्रत्येक गाठीवर सरासरी चार भूकंप, एकावर एक रचलेले.

आता एप्सिलॉन फिरवून पाहा आणि मिनपॉइंट्स ५ च राहू द्या. बिंदू मुद्दाम असे घ्या की त्यांत कसलीच रचना नाही: यादृच्छिक, सगळीकडे सारखे विखुरलेले, नंतर दोन दशांशांना गोल केलेले.

एप्सिलॉन १.० किमी: कुठलीही शेजारची गाठ वर्तुळात येत नाही. ज्या गाठीवर पाच किंवा अधिक भूकंप, ती एकटीच एक क्लस्टर. सरासरी ३.९ असताना सुमारे ३६ टक्के गाठी या अटीत बसतात, म्हणजे १८० च्या आसपास क्लस्टर.

एप्सिलॉन १.१ किमी: पूर्व-पश्चिम शेजारी आत येतात, उत्तर-दक्षिण शेजारी फक्त १२ मीटरनं बाहेर राहतात. प्रत्येक अक्षांशाची ओळ एक क्लस्टर बनते. ३० किमीत अशा सत्तावीस ओळी. मधली एखादी गाठ रिकामी राहिली की ओळ तुटते, म्हणून एकूण ३५ च्या आसपास. हेच आपले पट्टे.

एप्सिलॉन १.२ किमी: चारही बाजूंचे शेजारी जोडले जातात आणि सगळा प्रदेश एकच क्लस्टर होतो.

एकाच यादीतून, ज्यात काहीच दडलेलं नाही, २०० मीटरच्या फरकात १८०, ३५ आणि १ अशी तीन उत्तरं आली. तिन्ही उत्तरं जाळीची आहेत. यातलं मधलं उत्तर सर्वांत घातक, कारण ते नकाशावर दिशा दाखवतं आणि दिशा दिसली की माणूस भ्रंश शोधू लागतो.

हे ओळखायला नकाशा काढण्याचीही गरज नाही. एप्सिलॉन निवडण्याआधी के-अंतराचा आलेख काढतात: प्रत्येक बिंदूपासून त्याच्या चौथ्या किंवा दहाव्या शेजाऱ्याचं अंतर घ्यायचं, ही अंतरं चढत्या क्रमानं लावायची आणि रेषा कुठे एकदम वर वळते ते पाहायचं. निरोगी यादीत ही रेषा गुळगुळीत चढते. गोल केलेल्या यादीत तिचा जिना होतो. ०, १.०६, १.११, १.५४ या उंचीवर सपाट पायऱ्या आणि मध्ये सरळ उभ्या भिंती. पायरी दिसली की थांबायचं. त्या आलेखावर कोपर, म्हणजे रेषा वर वळते ती जागा, शोधण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक पायरीचा कोपरा कोपरासारखाच दिसतो. दुर्दैवानं पुष्कळ ठिकाणी हा आलेख न काढताच एप्सिलॉन ठरवला जातो.

मग दुरुस्ती. पहिली आणि खरी दुरुस्ती म्हणजे मूळ स्थानं मिळवणं. स्थाननिश्चितीच्या प्रोग्रॅममधून चार-पाच दशांश बाहेर येतात. यादी छापताना ते कापले जातात. ज्यांनी यादी केली त्यांच्याकडे मूळ फाइल बहुधा असते. ती मिळाली तर सोबत प्रत्येक भूकंपाच्या स्थानातली आडवी आणि उभी चूकही मागून घ्यावी. ती पुढे लागते.

मूळ फाइल मिळालीच नाही, तर एप्सिलॉन जाळीच्या पायऱ्यांपासून दूर ठेवावा लागतो. २.० किमी ही इथे चांगली जागा आहे. त्या वर्तुळात स्वतःसह नेमक्या नऊ गाठी येतात, तीन गुणिले तीनचा चौकोन, दोन्ही दिशांना सारखा. २.२ किमी घेऊ नये, कारण पूर्व-पश्चिम दोन गाठी दूरचं अंतर २.१२ किमी असल्यानं ते आत येतं आणि उत्तर-दक्षिणचं २.२२ बाहेर राहतं. आडवा ओढा पुन्हा सुरू.

आता मिनपॉइंट्स. मूळ लेखात दोन मितींसाठी ४ हा आकडा सुचवला आहे आणि तो आजही डोळे झाकून वापरला जातो. इथे तो चालणार नाही. नऊ गाठींचं क्षेत्रफळ १०.६ चौ. किमी. दोन हजार भूकंप ६०० चौ. किमीत, म्हणजे चौ. किमीला ३.३. वर्तुळात सरासरी ३५ भूकंप नुसत्या विखुरण्यानंच पडतात. तिथे ४ किंवा ५ म्हणजे जवळजवळ प्रत्येक बिंदू गाभ्याचा. आपल्याला सरासरीपेक्षा दाट जागा हव्या आहेत, तेव्हा सरासरीच्या दुपटीपासून, ७० पासून, सुरुवात करावी. यादृच्छिक विखुरण्यात ३५ भोवती चढउतार साधारण ६ चा असतो. ७० हा आकडा त्याच्या सहापट दूर आहे. नुसत्या योगायोगानं तो गाठला जाणं अवघड. मग ५०, ६०, ७०, ८०, ९० अशा पाच किमतींवर चालवून जे क्लस्टर बहुतेक वेळा टिकतात तेवढेच ठेवावेत.

गोल केलेल्या यादीवर आणखी एक उपाय आहे. प्रत्येक बिंदूला अक्षांश आणि रेखांशात ±०.००५ अंशांच्या आत यादृच्छिक हलवायचं आणि १०० वेळा क्लस्टर काढायचे. कुठले दोन भूकंप किती वेळा एका क्लस्टरमध्ये आले, याची मोजदाद ठेवायची. ८० पेक्षा जास्त वेळा एकत्र आलेल्या जोड्या धरायच्या. जाळी मोडते, पट्टे नाहीसे होतात. पण हलवल्यानं हरवलेली माहिती परत येत नाही. एका किलोमीटरपेक्षा बारीक रचनेबद्दल या यादीतून काही बोलता येत नाही, हे अहवालात स्पष्ट लिहिलं पाहिजे.

अंतर मोजण्याच्या चुका वेगळ्या, आणि त्यातली एक फारच फसवी आहे. सायकिट-लर्न या पायथन पॅकेजमध्ये हॅव्हरसाइन (गोलाच्या पृष्ठभागावरचं) अंतर वापरताना स्तंभांचा क्रम अक्षांश आधी, रेखांश नंतर असा लागतो, दोन्ही रेडियनमध्ये, एप्सिलॉनही रेडियनमध्ये. २ किमीसाठी २ भागिले ६३७१, म्हणजे ०.०००३१४. रेडियनमध्ये बदलायचं विसरून अंश तसेच दिले, तर ०.०००३१४ म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत जमिनीवर जेमतेम ३५ मीटर, आणि बहुतेक ठिकाणी फक्त तंतोतंत जुळणारी स्थानं एकत्र येतात. हॅव्हरसाइन न वापरता अंशांवर साधं अंतर काढलं आणि एप्सिलॉन ठरलेलाच ०.५ राहू दिला, तर अर्धा अंश म्हणजे ५५ किमी. कोयना-वारणाचा कर्णच ३६ किमीचा. सगळं एका क्लस्टरमध्ये. या दोन्ही चुका लगेच लक्षात येतात.

स्तंभ उलटे गेले तर मात्र लक्षात येत नाही. रेखांश ७३.७ हा अक्षांश समजला जातो आणि त्याचा कोसाइन ०.२८. उत्तर-दक्षिण अंतर २८ टक्क्यांवर आकसतं: जमिनीवर ५ किमी दूर असलेले दोन भूकंप १.४ किमीवर दिसतात. २ किमीचं वर्तुळ प्रत्यक्षात उत्तर-दक्षिण ७.१ किमी आणि पूर्व-पश्चिम १.९ किमी पोचणारी लंबवर्तुळाकार पट्टी होतं. क्लस्टर उत्तर-दक्षिण ताणले जातात, आणि तीच तर इथल्या भ्रंशाची माहीत असलेली दिशा. आडवे पट्टे पाहून शंका येते; उभे पट्टे पाहून समाधान वाटतं. म्हणून अपेक्षेशी जुळणारा निकालही यादृच्छिक बिंदूंच्या चाचणीतून काढावा. तेवढेच बिंदू त्याच चौकोनात विखुरा, तसेच गोल करा, तोच प्रोग्रॅम चालवा. तिथेही उभे पट्टे आले तर चूक कोडमध्ये आहे.

हा सगळा घोळ टाळायचा सोपा मार्ग म्हणजे यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात स्थानं मीटरमध्ये बदलून घेणं. हा पट्टा ७२ ते ७८ अंश रेखांशांचा, मध्यरेषा ७५ वर. कोयनेपाशी अंतरातली चूक ०.०२ टक्के पडते, दोन किलोमीटरला अर्ध्या मीटरहूनही कमी. मग साधं सरळ अंतर चालतं आणि एप्सिलॉन सरळ २००० मीटर लिहिता येतो. वाचणाऱ्यालाही तो कळतो.

यादी दोन ठिकाणांहून जोडली असेल, तर एकच भूकंप दोनदा शिरतो. १९६७ चाच घ्या: भारतीय वेळेनुसार ११ डिसेंबरच्या पहाटे ४:२१, जागतिक वेळेनुसार १० डिसेंबरच्या रात्री २२:५१. तारखेनं जुळवलं तर हे दोन वेगळे भूकंप. दोन्ही नोंदी थोड्या वेगळ्या स्थानी असतात, आणि दाटपणा मोजणाऱ्या पद्धतीला असली जोडी म्हणजे जादा वजन. आधी सगळ्या वेळा एका घड्याळात आणाव्यात, साडेपाच तासांचा फरक काढून. मग वेळेत १०-१५ सेकंद आणि स्थानात काही किलोमीटरच्या आत आलेल्या नोंदी एक मानाव्यात. कुठली ठेवायची, तर जिला जवळची जास्त भूकंपमापन केंद्रं मिळाली ती.

परिमाणाची किमान मर्यादा ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. लहान भूकंप मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. परिमाण १ नं खाली गेलं की संख्या साधारण दहापट होते. नवं केंद्र बसलं, यंत्रं सुधारली, की यादीत लहान धक्के ओतले जातात आणि केंद्राच्या आसपास खोटी दाटी तयार होते. जमिनीत काही बदललेलं नसतं, ऐकू येणं बदललेलं असतं. म्हणून ज्या परिमाणापासून यादी पूर्ण समजता येते, त्याच्या वरचेच भूकंप ठेवायचे. ही मर्यादा काळानुसार वेगळी असते. १९६७ नंतरची वर्षं आणि वारणा भरल्यानंतरची वर्षं एकत्र करून एकाच मिनपॉइंट्सनं चाळणं चूक आहे. काळाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यासाठी सरासरी दाटी नव्यानं मोजून वरचा हिशोब पुन्हा करावा.

खोली जोडून तीन मितींत क्लस्टर काढायचा मोह होतो. आधी खोलीच्या स्तंभात कुठला आकडा किती वेळा येतो ते मोजा. ५.० किंवा १०.० पुन्हापुन्हा येत असेल, तर त्या भूकंपांची खोली मोजलेली नाही, गृहीत धरलेली आहे. तीन मितींत ते सगळे एका सपाट थरावर बसतात आणि थर क्लस्टर बनतो. अशा नोंदी तीन मितींतून सरळ वगळाव्यात. उरलेल्यांतही उभी चूक आडव्यापेक्षा बहुधा जास्त असते. खोलीला आडव्या चुकीच्या प्रमाणात कमी वजन द्यावं, नाहीतर एकाच भ्रंशावरचे भूकंप उभ्या दिशेत विनाकारण तुटतात.

एवढं करूनही एक अडचण उरते, आणि ती डीबीस्कॅनचीच आहे. एकच एप्सिलॉन सगळ्या प्रदेशाला लागू होतो. एखाद्या मोठ्या धक्क्यानंतरचे पश्चात धक्के चिंचोळ्या जागेत प्रचंड दाटीनं येतात. थोड्या अंतरावरची दुसरी जागा वर्षानुवर्षं विरळ पण सातत्यानं हलत असते. दाट जागेसाठी माप घट्ट केलं तर विरळ जागा नॉइज होते. सैल केलं तर मधल्या तुरळक भूकंपांच्या साखळीवरून दोन्ही एक होतात. १९९९ मध्ये आलेलं ऑप्टिक्स, याच जातीची दुसरी पद्धत, इथे उपयोगी पडतं. ते क्लस्टर सरळ सांगत नाही. बिंदूंना दाटीच्या क्रमानं लावून एक आलेख देतं, त्यातल्या दऱ्या म्हणजे दाट जागा, खोल दरी म्हणजे जास्त दाट. २०१३ चं एचडीबीस्कॅन तेच आणखी पुढे नेतं: वेगवेगळ्या दाटीवर जे क्लस्टर सर्वाधिक टिकतात ते आपणच निवडतं. त्याला किमान क्लस्टरचा आकार द्यावा लागतो, एप्सिलॉन लागत नाही. जाळीवर बसलेली यादी मात्र त्यालाही फसवते, कारण एकाच गाठीवरच्या बिंदूंतलं अंतर शून्य असतं आणि शून्य अंतर म्हणजे अमर्याद दाटी. आधी यादी, मग पद्धत.

दोन अवजारांचे निकाल ताडून पाहताना मिनपॉइंट्समध्ये स्वतःचा बिंदू मोजतात का ते बघावं. सायकिट-लर्नमध्ये मोजतात, एचडीबीस्कॅनच्या मूळ स्वतंत्र पायथन पॅकेजमध्ये मोजत नाहीत. तिथला आकडा एकनं कमी द्यावा लागतो. सात बिंदूंच्या उदाहरणात ४ आणि ५ मध्ये काय फरक पडला ते वर आलंच आहे.

गुणवत्ता मोजायला सिलुएट आकडा वापरू नये. तो गोलसर, सुटे गट चांगले मानतो आणि भ्रंशावर लांब पसरलेल्या क्लस्टरला वाईट गुण देतो. नॉइजच्या -१ लेबलला क्लस्टर समजून त्याची सरासरी खोली किंवा मध्य काढणं ही दुसरी नेहमीची चूक. तो गट नाही, उरलेल्यांचा ढीग आहे.

टिकलेला क्लस्टर भ्रंश आहे का, हे बिंदूंची दाटी ठरवू शकत नाही. त्या क्लस्टरमधल्या थोड्या मोठ्या भूकंपांच्या नाभीयंत्रणा (भ्रंश कुठल्या तलावर, कसा सरकला ते) काढून भ्रंशतलाची दिशा क्लस्टरच्या लांबीच्या दिशेशी जुळते का, ते पाहावं. आणि नकाशाखाली निदान एवढं छापावं: कुठल्या काळाची यादी, किमान परिमाण, स्थानं किती दशांशांची, स्थानातली चूक, अंतर कुठल्या मापानं, एप्सिलॉन किलोमीटरमध्ये, मिनपॉइंट्स स्वतःला धरून की न धरता, किती भूकंप नॉइजमध्ये गेले, आणि तितक्याच यादृच्छिक बिंदूंवर तोच प्रोग्रॅम चालवल्यावर किती क्लस्टर आले.